टेकडी, ओढा, देवराई, पाणलोट : काम झाल्यानंतर राखणीचे तुमचे अनुभव

पाऊलवाट

जून आला की महाराष्ट्रभर खड्डे घेतले जातात, रोपं लागतात, फोटो निघतात. एप्रिल-मे मध्ये श्रमदानाला माणसं लोटतात. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण या धाग्यावर मला त्याच्या पुढचं ऐकायचंय. दुसऱ्या वर्षी काय झालं? गाळ कोणी काढला? वणवा आला तेव्हा कोण धावलं? गुरं चारणाऱ्यांशी काय ठरलं? पाणी वाढल्यावर ते कोणी किती उपसायचं यावर गाव बसलं का?

आमचा गट शहराला लागून असलेल्या एका टेकडीवर आणि तिच्या पायथ्याच्या ओढ्यावर काम करतो. माझं मत स्पष्ट आहे. निसर्ग पुन्हा उभा करण्यात लागवडीचा वाटा छोटा आणि राखणीचा फार मोठा. आणि राखणीबद्दल कोणी लिहीत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. म्हणून ज्यांनी टेकडी, माळ, देवराई, नदी, पाणलोट यांपैकी काहीही वर्षानुवर्षं सांभाळलंय त्यांनी सविस्तर लिहा. तंत्र लिहा, भांडणं लिहा, नियम लिहा. लांबी कितीही चालेल.

माणदेशी_माती

सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडं हा विषय जगण्याचा आहे. सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग, पर्जन्यछायेचा. ढग डोक्यावरनं जातात आणि पुढं कुठंतरी पडतात.

२०१६ ला पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा पहिल्यांदा झाली. तेव्हा तीनच तालुके होते : वरूड, अंबाजोगाई आणि आमच्या शेजारचा कोरेगाव. कोरेगावातल्या वेळूनं पहिला नंबर काढला. ते बघून आजूबाजूच्या गावांत वारं शिरलं आणि पुढच्या वर्षांत आम्हीही उतरलो. २०१८ ला तर माण तालुक्यातलं टाकेवाडी पहिलं आलं. या स्पर्धेनं आम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट दिली ती शिस्तीची : माथा ते पायथा. आधी डोंगराच्या माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब खड्डे), मग उतारावर अनगड दगडी बांध (सुट्या दगडांचे), मग घळीत गॅबियन (तारेच्या जाळीत बांधलेल्या दगडांचा बांध), आणि सगळ्यात शेवटी खाली ओढ्यातला मातीचा बांध. याचं कारण साधं आहे. वर धावणारं पाणी चालायला लागलं नाही, तर खालचा बांध पहिल्याच जोरदार पावसात गाळानं भरतो.

चराचं गणित आम्ही गावातल्या सगळ्यांना तोंडपाठ करायला लावलं. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर, लांबी १०० मीटर. एकदा भरला की १८ घनमीटर, म्हणजे १८,००० लिटर पाणी. आणि एका पावसाळ्यात तो अनेकदा भरतो आणि जिरतो. हा आकडा कळला की म्हातारी माणसंही कुदळ घेऊन येतात, कारण टँकरमागं पळण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं असतं.

आता राखणीचं. चरात दरवर्षी गाळ येतो. दोन-तीन पावसाळ्यांत चर अर्धा बुजतो. शिवाय एखाद्या ठिकाणी भराव खचला तर सगळ्या चराचं पाणी तिथनं निसटतं आणि खाली नवी घळ पाडतं, म्हणजे चर नसता तर बरं अशी वेळ येते. म्हणून आम्ही चर वाटून घेतले. प्रत्येक वाडीला, प्रत्येक मंडळाला आपापली लांबी. मे महिन्यात गाळ काढून तो खालच्या भरावावर टाकायचा, आणि पहिला मोठा पाऊस झाला की त्याच दिवशी डोंगरावर जाऊन फुटलेलं बघायचं. त्याच दिवशी, कारण पाण्याची खूण ओली असते तोवरच वाचता येते. भरावावर गवताचं बी टाकलं होतं. जिथं गवतानं धरलं तिथं भराव हललेला नाही.

पण खरी अडचण पाणी आल्यावर सुरू झाली. विहिरींना पाणी चढलं, आणि ज्यांच्याकडं पैसा होता त्यांनी ऊस लावला. एकानं बोअर मारलं की शेजाऱ्याला मारावंच लागतं. डोंगर सगळ्यांनी मिळून खणला आणि पाणी मात्र ज्याची मोटर मोठी त्याचं. हे आमच्या ग्रामसभेत मोठ्या आवाजात बोललं गेलं, अगदी हातघाईवर येईपर्यंत.

तेव्हा आम्ही काही जण अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघून आलो. पोपटराव पवारांच्या गावाबद्दल सगळे झाडं आणि बंधारे सांगतात. मला तिथं भावला तो पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की गावात किती पाऊस पडला, किती मुरला, पिण्याला किती, जनावरांना किती, उरलं किती हे मांडतात आणि त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आहेच. त्याच्याही आधी पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंख्यांनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीत हाच प्रश्न सोडवला होता : पाणी जमिनीच्या एकरांवर द्यायचं नाही, घरातल्या माणसांवर द्यायचं, आणि भूमिहीनालाही त्यात हक्क. उसाला तिथंही बंदी.

आमच्या गावात एवढं झालेलं नाही. सामाईक पाझर तलावाच्या वरच्या बाजूला नवं बोअर मारायचं नाही आणि दिवाळीनंतर ग्रामसभेत विहिरींची पातळी वाचायची, इतकंच ठरलंय आणि ते पाळलं जातंय. माझ्या दृष्टीनं हा नियम सगळ्या चरांपेक्षा मोठं काम आहे.

पाऊलवाट

माणदेशी_माती, धन्यवाद. "पाण्याची खूण ओली असते तोवरच वाचता येते" हे आमच्या गटाच्या फळ्यावर लिहिणार आहे. नवीन बोअर न मारण्याचा नियम कोणी मोडला तर काय करायचं हेही ठरलंय का?

माणदेशी_माती

दंड ठरवला नाही. पंच घरी जाऊन बसतात, चहा घेतात, उठत नाहीत. आतापर्यंत तेवढं पुरलंय.

टेकडीकर

मी पुण्यातल्या टेकड्यांवर काम करणाऱ्यांपैकी. वेताळ टेकडी, तळजाई, पाचगाव-पर्वती, बाणेर, जिकडे तिकडे आता सकाळी लोक पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढताना दिसतात. उन्हाळ्यात रोपांना पाणी घालणं ही अनेकांची प्रार्थनेसारखी सवय झाली आहे. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण आज वणव्याबद्दल लिहितो, कारण एका दुपारच्या आगीत अनेक वर्षांचं पाणी घालणं संपतं.

आपल्याकडे टेकड्यांवरचा वणवा बहुतेक वेळा माणूस लावतो. कोणी सिगारेट टाकतं, कोणी कचरा पेटवतं, आणि "गवत जाळलं की पुढच्या वर्षी दाट येतं" ही समजूत तर खोलवर रुजलेली आहे. राखेमुळे सुरुवातीचा कोंब हिरवागार दिसतो हे खरं. पण जमीन मेपर्यंत उघडी पडते, आणि जूनचा पहिला पाऊस त्या उघड्या जमिनीवरची माती घेऊन ओढ्यात जातो. वर माणदेशी_मातींनी लिहिलेला चरातला गाळ बराचसा असाच येतो. टेकडीवर जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, फुलपाखरांच्या अळ्या, सालीच्या आतले किडे, या कोणालाच पळता येत नाही.

आमचं काम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतं, गवत अजून पिवळं व्हायच्या आत. जाळरेषा काढायची : पायवाटा, रस्त्याची कड आणि वस्तीकडची बाजू इथे काही मीटर रुंदीच्या पट्ट्यातलं गवत कापून बाहेर काढायचं. वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी आणि त्यांचे कर्मचारी सोबत हवेतच. कापलेलं गवत आम्ही गोठ्यांना देतो, त्यामुळे कापायला माणसंही मिळतात. डिसेंबरात पुन्हा एकदा रेषा साफ करावी लागते. फेब्रुवारी ते मे दुपारी आळीपाळीने टेकडीवर कोणीतरी असतं.

आग लागलीच तर नव्या माणसाला आम्ही आधी तीन गोष्टी सांगतो. उताराच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही, आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते. जळून गेलेल्या भागातून, बाजूने आत शिरायचं आणि ओल्या पाल्याच्या फांद्यांनी कडा दाबत जायचं. आणि अंगात सुती कपडे, पायात बूट. नायलॉनचा टी-शर्ट घालून आलेल्याला आम्ही परत पाठवतो, मग तो कितीही उत्साही असो. विझल्यावर निघून जायचं नाही, बुंधे आणि शेणाच्या गोवऱ्या धुमसत राहतात आणि वारा सुटला की पुन्हा पेटतात.

दुसरा विषय गिरिपुष्पाचा. मध्य अमेरिकेतलं हे झाड आपल्या टेकड्यांवर भरभरून लावलं गेलं, कारण ते झटपट वाढतं, शेळ्या त्याला फारशा तोंड लावत नाहीत आणि तोडलं तरी फुटतं. फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी टेकडी छान दिसते. पण त्याच्या दाट गर्दीखाली आपली झाडं आणि गवत येत नाही. सगळं एकदम तोडा म्हणणारे भेटतात. मी त्या मताचा नाही. एकदम तोडलं तर ऊन थेट जमिनीवर येतं आणि तिथे घाणेरी (टणटणीचं परदेशी झुडूप) किंवा पुन्हा गिरिपुष्पच उसळतं. आम्ही थोडं थोडं विरळ करतो आणि त्या सावलीत आधी पळस, बहावा, काटेसावर, धावडा, सालई, मोई यांना पाय रोवू देतो. काटेसावर आणि पांगारा यांच्या जाड फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर नुसत्या खोचल्या तरी धरतात. वड-उंबराची बरीच रोपं पक्षीच लावतात, आपण फक्त ती उपटली जाऊ नयेत हे बघायचं.

पवना_कुसळी

टेकडीकरांचं वाचून फार बरं वाटलं. मला एक गोष्ट जोडायची आहे, आणि ती थोडी कठोर वाटेल.

कृपा करून माळरानावर झाडं लावू नका.

मी गवताळ प्रदेशांवर अभ्यास करते. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, इथली उघडी माळं म्हणजे उजाड झालेलं जंगल असा समज आहे, अगदी शाळेच्या पुस्तकांपासून. तसं नाही. कमी पाऊस, मुरमाड उथळ जमीन, आणि त्यावर पवना, मारवेल, कुसळी यांसारखी गवतं ही त्या जागेची मूळ आणि पूर्ण वाढलेली व्यवस्था आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, तणमोर हे सगळे तिथलेच. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं, आणि आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं जवळपास संपलंय. त्याला मोकळं, लांबवर नजर जाईल असं रान लागतं. तिथे रांगेत रोपं लावली की माळ बंद होतो, आणि शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळाल्याने जमिनीवर अंडी घालणाऱ्यांची दैना होते.

पाणलोटाच्या बाजूनेही बघा. चांगल्या गवताची मुळं त्या उथळ जमिनीत दाट जाळं विणतात आणि पाऊस जिरवतात. जिथे गवत धडधाकट आहे तिथे चर खणणं म्हणजे चांगलं काम करणारी गोष्ट उकरून काढणं. चर खणायचेच तर जिथे माती उघडी पडली आहे, नाळी पडल्या आहेत तिथे खणा. बाकी माळाला फक्त दोन पावसाळे चराईपासून विश्रांती द्या आणि बी पडू द्या. आमच्या अभ्यासाच्या जागेवर हेच केलं, आणि मारवेल आपणहून परत आलं.

कुठे काय लावायचं हे ठरवण्याआधी जुनी माणसं त्या जागेला काय म्हणायची ते विचारा. माळ, पठार, सडा, रान, राई, गायरान, कुरण या नावांत बरीच माहिती आहे.

मेंढका

वर चराईबंदी, चराईबंदी असं खूप आलंय म्हणून लिहितो. आम्ही धनगर. माझे वडील अजून मेंढरं घेऊन दिवाळीच्या सुमाराला घाट उतरून कोकणात जातात, पावसाच्या आधी परत येतात. मी शिकलो, नोकरी करतो, पण घर वाड्यावरच, म्हणजे आमच्या वस्तीवरच आहे.

राखलेल्या डोंगरावर पाटी लागते, तार येते. ज्यांनी पिढ्यानपिढ्या तो डोंगर वापरला त्यांना एक शब्द विचारला जात नाही. मग रात्री तार तुटते. तार तोडणं चूक आहे, पण ती का तुटली हे समजून घ्या. मेंढरं उपाशी ठेवून कोणी पर्यावरण राखत नाही.

आमच्या भागात एका गटानं वेगळं केलं आणि ते टिकलंय. त्यांनी वाड्यावर येऊन विचारलं, कुठं कधी चारता, पाणी कुठं पाजता, लांडगा कुठं आहे. मग डोंगराचे तीन भाग पाडले. एक भाग पूर्ण बंद, एक भाग बी पडल्यावर म्हणजे डिसेंबरनंतर उघडा, एक भाग चालू. दरवर्षी बदलायचं. बंद भागात विळ्यानं गवत कापून डोक्यावर न्यायला मुभा. हिवरे बाजारलाही चराईला बंदी असली तरी गवत कापून न्यायला देतात, हे मला नंतर कळलं. आता त्या डोंगरावर वणवा दिसला तर पहिला फोन आमच्या वाड्यावरनं जातो, कारण दिवसभर रानात आमचीच माणसं असतात. राखणदार शोधत बसण्याऐवजी जो आधीच तिथं उभा आहे त्याच्याशी बोला.

आणि मेंढरं शेतात बसवली की खत मिळतं, हे शेतकऱ्याला माहीत आहे. डोंगरावरही मेंढराच्या पायाला गवताचं बी चिकटून जातं. योग्य वेळी, योग्य संख्येनं चारलेला माळ चांगलाच राहतो.

पवना_कुसळी

मेंढका, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हलकी चराई माळाला हवीच असते. पूर्ण बंद केलेल्या तुकड्यांत काही वर्षांनी वाळलेल्या गवताचा थर साचतो, खालून नवे कोंब येत नाहीत आणि आगीचा धोका वाढतो. "दोन पावसाळे विश्रांती" असं मी म्हटलं ते खराब झालेल्या जागेसाठी.

सड्यावरून

कोकणातून लिहितेय. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि एप्रिलमध्ये हंडे घेऊन रांगा. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. जांभ्याच्या सड्यावर मातीचा पातळ थर, उतार तीव्र, समुद्र जवळ. पडलेलं पाणी काही तासांत खाडीला मिळतं. जे थोडं जांभ्याच्या भेगांतून आत जातं, ते खाली जिथे चिकणमातीचा थर लागतो तिथे झऱ्यासारखं बाहेर येतं. आणि आमच्या गावात बरोबर त्या ठिकाणी देवराई आहे. वाडवडिलांनी ती जागा का निवडली असेल हे झऱ्याकडे बघितलं की कळतं.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांचं मोल शहरात कळलं. गावात ते वेगळ्या भाषेत आधीच माहीत होतं. आमच्या राईत वाळकी काटकी उचलायचीही पद्धत नव्हती. गुरवाने कौल लावायचा, देवाने दिला तर घ्यायचं. किंजळ, सातवीण, बेहडा, आणि झाडांवर चढलेली गारंबीची अजस्र वेल. जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं, म्हणून असं झाड एकदा गेलं की आपल्या हयातीत परत मिळत नाही.

अडचण आली ती देवळाच्या जीर्णोद्धारातून. मुंबईकरांनी प्रेमाने वर्गणी काढली, मोठा सभामंडप आखला, त्यात काही झाडं जात होती. आम्ही बायकांनी विरोधाची सभा न घेता झऱ्याची सभा घेतली. पाणी आणणाऱ्या बायकाच, त्यामुळे कोणत्या वर्षी कोणत्या महिन्यात झरा बारीक झाला हे आम्हालाच सांगता येत होतं. झऱ्याखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते ते आम्ही दर आठवड्याला लिहितो. ती वही सगळ्यांसमोर वाचली. वरची झाडं गेली तर हे पाणी राहील का, एवढंच विचारलं. मंडपाची जागा हलली, आकारही लहान झाला, आणि ज्यांनी वर्गणी दिली होती त्यांचीच मुलं आता मे महिन्यात राईतल्या झाडांची नोंद करायला येतात. त्या नोंदी आम्ही ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवल्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ही वही करणं अपेक्षितच आहे. अनेक गावांत ती कपाटात कोरी पडून असते, विचारा आपापल्या ग्रामपंचायतीत.

दिवाळीच्या आसपास पऱ्याचं (ओहोळाचं) पाणी वाहतं असतानाच आम्ही वनराई बंधारे घालतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात वाळू-माती, एकावर एक सांधे चुकवून रचायच्या. तो एकाच मोसमापुरता. पावसाच्या आधी गोण्या काढून घ्यायलाच हव्यात, नाहीतर प्लास्टिकचे तुकडे खाडीत जातात. हे काढण्याचं श्रमदान घालण्याइतकंच गंभीरपणे ठरवा.

करवंदीची_जाळी

घाणेरी (टणटणी) काढणाऱ्यांसाठी थोडक्यात. वरून छाटली तर ती दुप्पट फुटते. ओढून उपटली तर माती सैल होते आणि त्या सैल मातीत तिचंच बी रुजतं. आम्ही वापरतो ती पद्धत : बुंध्याशी माती थोडी बाजूला करून, खोड आणि मूळ जिथे जुळतं त्याच्या खाली कुदळीने मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं. फांद्या जमिनीला टेकून पुन्हा रुजत नाहीत. जमीन फारशी हलत नाही.

पण पुढची दोन-तीन वर्षं बुलबुलांनी टाकलेल्या बियांची रोपं उपटत राहावं लागतं, विशेषतः ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्या खाली. हे करायचं नसेल तर सुरूच करू नका. काढलेल्या जागी लगेच गवत आणा. दुसऱ्या माळावरचं पिकलेलं गवत कापून बियांसकट तिथे पसरलं की काम होतं. उतारावर काढलेली झुडपं समपातळीत आडवी रचून ठेवली तर माती अडते. आणि सगळं रान एका मोसमात मोकळं करू नका. घाणेरीखेरीज आडोसा उरलेला नसेल, तर भेकर, ससे, रानकोंबड्या तिच्यातच लपतात. करवंद, तोरण, निरगुडी उभी राहिली की मग पुढचा तुकडा घ्यायचा.

फूटपट्टी

शाळेत शिकवतो. आमची मुलं रोज सकाळी पाऊस मोजतात. सरळ कडांची बाटली कापून वरचा भाग उलटा आत बसवायचा, बाहेर फूटपट्टी चिकटवायची, झाला पर्जन्यमापक. महसूल मंडळाच्या ठिकाणी पाऊस मोजायचं सरकारी केंद्र असतं, पण डोंगराच्या या आणि त्या बाजूचा पाऊस सारखा नसतो.

एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर म्हणजे १०,००० लिटर. मुलांना शाळेमागच्या दहा हेक्टरच्या टेकडीवर एका रात्रीत पन्नास मिलिमीटर पडल्यावर हिशेब करायला लावला : ५० लाख लिटर. एक मुलगी म्हणाली, "सर, मग ते गेलं कुठं?" त्या प्रश्नावर आमचं आख्खं वर्ष गेलं. मुलांनी गावातल्या विहिरींच्या कठड्यावर रंगाची खूण केली. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, सकाळी मोटर सुरू व्हायच्या आत, खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतात. माणदेशी_माती, तुमच्या ग्रामसभेतल्या वाचनासाठी शाळेला सोबत घ्या. मुलांच्या वहीतल्या आकड्याशी कोणी भांडत नाही.

ओढ्याकाठची

आम्ही पुण्याच्या राम नदीवर काम करणाऱ्या अनेक गटांपैकी एक. भूगावच्या वरून उगम पावून बावधन, पाषाण, बाणेर असं वाहत ती मुळेला मिळते. शहरातल्या नदीचं दुखणं वेगळं. इथे पाणी कमी पडत नाही, सांडपाणी वर्षभर येतं.

कचरा काढण्याची मोहीम हे पहिलं पाऊल म्हणून छान, माणसं नदीपाशी येतात. पण आमच्यासाठी सगळं बदललं ते उगमापासून संगमापर्यंत चालायला लागल्यावर. कुठे नळ सोडलेत, कुठे भराव टाकून पात्र अरुंद केलंय, कुठे अजून जिवंत झरे आहेत हे नकाशावर मांडलं. झरे सापडल्यावर बाजूच्या सोसायट्यांचा सूर बदलला. आपल्या भिंतीमागे नाला आहे असं समजणाऱ्या माणसाला तिथे स्वच्छ पाण्याचा झरा दाखवला की तो पुढच्या रविवारी आपणहून येतो. आता तक्रारी नकाशावरच्या क्रमांकाने आणि फोटोने जातात, आणि निकाली निघेपर्यंत एकाच माणसाकडे राहतात. काही निघाल्या, काही अजून तशाच आहेत. आम्ही विचारत राहणार.

काठ हा मुद्दा मला फार जवळचा आहे. नदी "सुशोभित" करायची म्हणजे दगडी भिंत, फरशी आणि दिवे असं चित्र असतं. खोलीकरणातही यंत्र पात्र सरळ करून टाकतं. नदीला डोह लागतात, खळाळ लागतात, वळणं लागतात. काठावर करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज आणि पाण्यालगत लव्हाळे हवेत. त्यांची मुळं काठ बांधून ठेवतात आणि माशांची पिल्लं त्यांच्या आडोशाला वाढतात. डोह राखण्याची परंपरा आपल्याकडे आहेच : महाडजवळच्या वाळण कोंडीत, पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ वैतरणेवरच्या तिळसेश्वराला देवाचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, आणि तिथे महसीर टिकून आहेत. जलपर्णी काढतानाही एवढं लक्षात घ्या की ती सांडपाण्यातल्या खतावर पोसते. सांडपाणी सुरू असेपर्यंत दरवर्षी काढावी लागेल, तेव्हा दोन्ही कामं जोडीने चालवा.

पायथ्याचा

आम्ही गावातले दहा-बारा जण यंदा सुरुवात करतोय. दोन प्रश्न. डोंगर नेमका कोणाचा हे आम्हालाच माहीत नाही, कुठून सुरू करू? आणि समपातळी आखायला ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची चौकट) घरी करता येते का?

टेकडीकर

पहिल्याचं मी देतो. तलाठ्याकडे गट नंबर घेऊन सातबारा काढा. वनजमीन असेल तर परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांना भेटा, संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यामार्फत जा. परवानगीशिवाय वनजमिनीत एक खड्डाही घ्यायचा नाही. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव. खासगी असेल तर मालकाची लेखी संमती, कारण तोंडी संमती जमिनीचा भाव वाढला की विसरली जाते. गाव वनावर अवलंबून असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावाही करता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली तो मिळाला आणि त्यांच्या ग्रामसभेला आपलं जंगल सांभाळण्याचा अधिकार आला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या सोबतीने चारशे हेक्टरांवर जंगल राखलं. तिथे जाऊन या, एक दिवस बघण्यात महिन्यांची चर्चा वाचते.

माणदेशी_माती

ए-फ्रेमचं मी सांगतो. सारख्या लांबीच्या दोन सरळ काठ्या, साधारण माणसाच्या उंचीएवढ्या, वर बांधून खाली फाकवायच्या. मधोमध आडवी काठी पक्की करायची. वरच्या सांध्यातनं दोरीला दगड बांधून ओळंबा सोडायचा, दोरी आडव्या काठीच्या पुढनं गेली पाहिजे. आता फ्रेम कुठंही उभी करा, दोन्ही पायांच्या जागी खुंट्या मारा आणि दोरी काठीला जिथं टेकते तिथं खूण करा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, त्याच दोन खुंट्यांवर, आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी, ठळक खूण. दोरी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत.

आखताना एक पाय रोवून दुसरा पुढं टाकायचा, दोरी मधल्या खुणेवर येईपर्यंत वर-खाली सरकवायचा, तिथं फक्कीची (चुन्याच्या भुकटीची) खूण, मग पुढं. वारा असेल तर दोरी स्थिर राहत नाही, म्हणून सकाळी लवकर आखा. मोठं झाड किंवा कातळ आडवा आला तर चर तिथं थांबवा आणि त्याच पातळीवर पलीकडनं पुन्हा सुरू करा. लांब डोंगर असेल तर हायड्रोमार्कर, म्हणजे पाण्याच्या नळीची पातळी, जास्त वेगानं काम देते. तुमच्या तालुक्यात वॉटर कप झाला असेल तर त्या वेळी प्रशिक्षण घेतलेली माणसं प्रत्येक गावात आहेत आणि बऱ्याच जणांच्या घरी तो अजून माळ्यावर आहे. मागा, देतील. आणि पवना_कुसळींनी सांगितलंय तसं, फक्की टाकायच्या आधी गवत धडधाकट कुठं आहे ते बघून तेवढा भाग सोडून द्या.